कौशल्य कशाला म्हणतात, ते दिव्याला विचारा

राजेहो, आज जरा लांब लिहून राहिलो आहे. वेळ काढून वाचा. अर्ध्यावर सोडून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या, मग भांडू.

२०२५ मध्ये जुलैच्या अखेरीपासून पोळ्यापर्यंत, म्हणजे जेमतेम चार आठवड्यांत, तीन बातम्या आल्या. २८ जुलैला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ३१ जुलैला रात्री माणिकराव कोकाटे यांच्याकडचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं देण्यात आलं. विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसला म्हणून जे गाजले, तेच कोकाटे. आणि २२ ऑगस्टला, ऐन पोळ्याच्या दिवशी, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

पेपरात या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. एक खेळाच्या, एक राजकारणाच्या, एक अर्थकारणाच्या. मला विचाराल तर बातमी एकच आहे. या देशात ‘खेळ’ कशाला म्हणायचं आणि ‘कौशल्य’ कशाला म्हणायचं, हे दहा वर्षं पैसेवाल्यांनी ठरवलं. आता एका सहीने ते बंद झालं, पण ज्यांनी हे होऊ दिलं त्यांच्यापैकी एकानेही हिशेब दिलेला नाही.

बंदी योग्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार पुढची आहे.

या कंपन्या अगदी गाजावाजा करत ‘कायदेशीर’ कशा चालत होत्या, ते समजून घ्या. आपल्याकडचे जुगाराचे कायदे इंग्रजांच्या काळातले. महाराष्ट्रातला कायदा १८८७ चा. त्यात एक दार उघडं ठेवलेलं होतं. निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर त्याला जुगार म्हणायचं नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रमीत मुख्यत्वे कौशल्य लागतं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तो खटला क्लबात बसून समोरासमोर खेळल्या जाणाऱ्या रमीचा होता. पन्नास वर्षांनी त्याच दारातून मोबाईलची अ‍ॅपं आत शिरली. फँटसी क्रिकेटबद्दल २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हा कौशल्याचा खेळ आहे. झालं! कंपन्यांना तेवढंच पाहिजे होतं.

आता हे कौशल्य काय असतं ते पाहा. दोन संघांच्या बावीस खेळाडूंतून तुम्ही अकरा निवडायचे. एक कर्णधार, त्याला दुप्पट गुण. एक उपकर्णधार, त्याला दीडपट. ४९ रुपये भरायचे. लाखो लोकांनी असेच ४९ भरलेले असतात. पहिल्याला कोटी, खाली थोड्यांना थोडं थोडं, बाकीच्यांना ठेंगा. कंपनी आपला वाटा आधीच काढून घेते. सामना कोणीही जिंको, कंपनी हरत नाही.

क्रिकेट कळणारा माणूस यात न कळणाऱ्यापेक्षा थोडा बरा खेळेल, हे मान्य. पण सकाळी कर्णधार केलेल्या फलंदाजाचा पाय तिसऱ्या चेंडूवर मुरगळला, तर तुमचं कौशल्य गेलं कुठे? लाखो संघांतून पहिला येणं ही लॉटरी आहे. तिला क्रिकेटचे कपडे घातले, एवढंच.

आणि दिव्याचं कौशल्य? १९ वर्षांची पोरगी. विश्वचषकाला गेली तेव्हा ग्रँडमास्टर नव्हती, आणि त्यासाठी लागणारा एक नॉर्मही तिच्याकडे नव्हता. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, जी २००२ पासून ग्रँडमास्टर आहे, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही आधीपासून. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, तिसऱ्या दिवशी जलद डावांत दिव्याने दीड विरुद्ध अर्ध्याने बाजी मारली. विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला आणि देशाची ८८वी ग्रँडमास्टर. बक्षीस किती? ५० हजार डॉलर. आपल्या पैशात अर्धा कोटीही नाही. लहानपणापासून पटासमोर बसल्यावर, जगभर फिरल्यावर, शेकडो वेळा हरल्यावर हे मिळालं. पुढे राज्य सरकारने ३ कोटी देऊन तिचा सत्कार केला, चांगलं केलं.

इकडे अ‍ॅप आपल्या पोट्ट्यांना सांगून राहिलं होतं की ४९ रुपयांत, साडेतीन तासांत कोटी. आणि दोन्हीला शब्द एकच, ‘कौशल्य’. माझा राग या शब्दावर दरोडा टाकण्याचा आहे.

नागपूरला सट्टा नवीन नाही, हे मला कोणी सांगू नका. हे शहर त्यासाठी बदनाम आहे. जानेवारी २००७ मध्ये इथे भारत-वेस्ट इंडिज सामना होता. त्याआधी मार्लन सॅम्युअल्सचं एका बुकीशी झालेलं फोनवरचं बोलणं नागपूर पोलिसांनी टॅप केलं. प्रकरण जगभर गाजलं, २००८ मध्ये सॅम्युअल्सवर दोन वर्षांची बंदी आली. विदर्भात पोळ्याला पत्ते कुटायची खोड तर आजोबा-पणजोबांपासूनची. दरवर्षी धाडी पडतात, दरवर्षी चौकटीत बातमी येते, ‘जुगार अड्ड्यावर छापा, अमुक जण ताब्यात’.

पण त्या जुगारात एक गोष्ट होती, लाज. पत्ते कुटणारा माणूस शेतात, गोठ्यात, कोणाच्या तरी बंद खोलीत बसायचा. घरी सांगायचा नाही. बायकोला कळलं तर घरात भांडण पेटायचं. ती लाज हाच त्याचा ब्रेक होता. नंतर काय झालं? बुकी आडून फोन करायचा, तेच काम उजेडात आलं आणि टीव्हीवर हसत हसत बोलावू लागलं. कायद्याच्या भाषेत दोघांत फरक असेल. खिशाच्या भाषेत नव्हता.

ही लाज कोणी काढली? नावं घेऊ.

एक, क्रिकेट मंडळ. २०२० मध्ये चिनी मोबाईल कंपनी बाजूला झाली तेव्हा आयपीएलचं नाव २२२ कोटींना ड्रीम इलेव्हनला दिलं. जुलै २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तेच नाव, तीन वर्षांचे ३५८ कोटी. मंडळाचे अध्यक्ष असताना सौरव गांगुली दुसऱ्या एका फँटसी अ‍ॅपची जाहिरात करत होते. सट्टेबाजीविरुद्ध खेळाडूंना व्याख्यानं देणाऱ्या संस्थेची ही तऱ्हा.

दोन, आपले देव. धोनीपासून खाली कोण कोण होतं ते तुम्हाला पाठ आहे. सचिन तेंडुलकर ऑनलाइन गेमच्या जाहिरातीत दिसले, म्हणून ३१ ऑगस्ट २०२३ ला आपले अचलपूरचे बच्चू कडू त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर जाऊन बसले. जाहिरात सोडा नाहीतर भारतरत्न परत करा, असं म्हणाले. लोक हसले. पोलिसांनी उचलून नेलं. कडूंचं सगळं राजकारण मला पटतं असं नाही, पण त्या दिवशी प्रश्न कोण विचारत होतं आणि हसत कोण होतं, हे आज आठवून बघा. दोन वर्षांनी संसदेने तेच म्हटलं.

तीन, सरकार. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के कर कापायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. जुगार वाईट होता, तर वाटा कशाचा घेत होते? आणि चांगला होता, तर बंद का केला? महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी आजही चालू आहे, ते तर सोडूनच द्या.

चार, आमचा धंदा. वीस वर्षं पत्रकारितेत आहे, म्हणून हेही लिहितो. पहिल्या पानावर पानभर जाहिरात अ‍ॅपची आणि आत सातव्या पानावर ‘ऑनलाइन गेममध्ये पैसे गमावल्याने तरुण बेपत्ता’ ही चार ओळींची बातमी. जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं, की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. टीव्हीवर तेच वाक्य इतक्या वेगात म्हणायचे की लिलावात बोली लावणाराही लाजेल. तंबाखूच्या पुडीवर निदान फोटो तरी असतो.

आता कोकाटेंचं. रोहित पवारांनी तो व्हिडिओ टाकल्यावर कोकाटे म्हणाले, खालच्या सभागृहाचं कामकाज मोबाईलवर पाहायला गेलो, मध्येच जाहिरात आली, ती मी घालवत होतो. रमी आपल्याला येतच नाही, असंही म्हणाले. विरोधकांना पटलं नाही. मी म्हणतो, चला, शंभर टक्के खरं धरू. मग तर गोष्ट आणखी गंभीर आहे! राज्याचा मंत्री, सभागृहात बसलेला, हाताशी सगळी यंत्रणा, आणि त्याला मोबाईलवरून रमी घालवता येत नाही. मग वाडीच्या किंवा कळमेश्वरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून खोलीवर आलेल्या वीस वर्षांच्या पोराला ती कशी घालवता येणार होती? हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात एकाने तरी विचारायचा. विचारला नाही. खातं बदललं, तेही खेळाचं दिलं. असा विनोद बडग्या बनवणाऱ्यालाही सुचला नसता.

जुलै २०२३ महिना लक्षात ठेवा. भारतीय संघाच्या छातीवर फँटसी अ‍ॅप आलं त्याच महिन्यात नागपुरातल्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली, की ऑनलाइन जुगाराच्या नावाखाली आपली ५८ कोटींनी फसवणूक झाली. आरोपी गोंदियाचा. पोलिसांनी धाड टाकली तेव्हा नोटा मोजायला वेळ लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, मी तसा आरोप करत नाही. तो बेकायदेशीर मामला, हा कायदेशीर. पण पानठेल्यावर उभ्या असलेल्या पोराला हा फरक कोण समजावणार होतं? त्याला दोन्हीकडे दिसत होतं तेच. मोबाईल, क्रिकेट, पैसे लाव, पैसे काढ. कायदेशीर अ‍ॅपाने सवय लावली, बेकायदेशीर अ‍ॅपाने पिकलेलं कापून नेलं. भिलाईहून निघालेलं महादेव अ‍ॅप आठवा. आपल्या हावडा लाईनवरचंच गाव ते.

आता विरोधी बाजू. ती ऐकायला पाहिजे, कारण ती सगळीच खोटी नाही.

पहिलं म्हणणं रोजगाराचं. उद्योगाच्या संघटना म्हणाल्या, २ लाख नोकऱ्या जातील, सरकारचा वर्षाचा २० हजार कोटींचा कर बुडेल. सरकार म्हणालं, ४५ कोटी लोक यात वर्षाला २० हजार कोटी हरतात. आकडे दोन्ही बाजूंचे, पण गंमत बघा. तो कर आकाशातून पडत नव्हता, हरणाऱ्याच्याच खिशातून येत होता. ज्यांची नोकरी गेली त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, त्यांनी कोणाला लुटायची नोकरी धरली नव्हती. पण म्हणून दुकान चालू ठेवा, हे उत्तर होत नाही.

दुसरं, क्रिकेट उपाशी मरेल. मेलं का? आशिया चषकात आपला संघ छातीवर प्रायोजकाचं नाव न लावता खेळला आणि पाकिस्तानला हरवून अजिंक्य ठरला. दरम्यान एका टायर कंपनीने २०२८ पर्यंतचे ५७९ कोटी मोजून ती जागा घेतलीसुद्धा.

तिसरं, शहाण्या माणसाला त्याच्या पैशाचं काय करायचं ते ठरवू द्या. बुद्धिबळ स्पर्धेलाही प्रवेश फी असतेच की! असते. पण ती एकदा भरायची, मग स्वतःच्या हाताने खेळायचं. हरलात तर त्याच रात्री दोन वाजता मोबाईल तुम्हाला ‘परत एकदा’ म्हणून उठवत नाही. नव्या कायद्यानेही ई-स्पोर्ट्सची नोंदणी फी चालवून घेतली आहे. बंदी पैशांची बाजी लावण्यावर आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. शंभर वर्षांची पळवाट तिथे बुजवली, हे या कायद्याचं खरं काम.

चौथं म्हणणं सगळ्यात जड आहे. बंदी आली की लोक परदेशी बेकायदेशीर अ‍ॅपांकडे जातील. हे होणार. होऊनही राहिलं आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षं कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, पैसे फिरवणाऱ्या बँकेलाही शिक्षा, असं कायद्यात लिहिलं आहे. पण दुबईत बसलेल्याला नागपूरचा ठाणेदार कसा आणणार? उद्या प्रकरण सर्वोच्च न्यायालयात काय वळण घेईल, तेही बघायचं आहे. तिथे याचिका गेल्याच आहेत.

म्हणून म्हणतो, बंदीने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं कोणाच्याच अजेंड्यावर नाही.

त्या उरलेल्या अर्ध्यात पहिली गोष्ट, मैदान. संध्याकाळी सहा वाजता पोराच्या हातातून मोबाईल काढला, तर त्याला पाठवायचं कुठे? कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शनं आणि सभा. रेशीमबागेत मेळावे. यशवंत स्टेडियमची ओळख तर अधिवेशनातल्या मोर्च्यांची. वस्त्यांमधली मोकळी जागा एक तर मंगल कार्यालयाने खाल्ली नाहीतर पार्किंगने. याच विदर्भाच्या संघाने २०२५ च्या मार्चमध्ये जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आपल्या किती पोट्ट्यांना माहीत आहे? आयपीएलच्या कोणत्या खेळाडूचे किती ‘पॉइंट’, ते मात्र पाठ.

दुसरी गोष्ट, हिशेब. मंडळाने ज्या वर्षांत हा पैसा घेतला त्यातला निम्मा तरी जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या मैदानांवर आणि व्यसनमुक्तीवर लावावा. ज्यांनी जाहिराती केल्या त्यांनी निदान एक व्हिडिओ करावा, तेवढाच मोठा, तेवढ्याच वेळा दाखवलेला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सगळे आपल्या शहरात येतीलच. आपल्या आमदाराला विचारा, ऑनलाइन जुगारात बुडालेल्यांची राज्याने नोंद ठेवली आहे का? कर्जापायी मेलेल्या शेतकऱ्याची नोंद ठेवायलाही आपल्याला आंदोलनं करावी लागली होती, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट घरातली. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. नीट वाचा, शिक्षा नाही. म्हणजे तुमचा पोरगा, भाऊ, नवरा यात अडकला असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. मारू नका. चारचौघांत अपमान करू नका. जी लाज पूर्वी ब्रेक होती, ती अडकलेल्या माणसाला आता तोंड उघडू देत नाही, आणि तो गुपचूप आणखी एक कर्ज काढतो. ही आळस किंवा हावरटपणाची गोष्ट राहत नाही, दारूसारखं व्यसन होतं, त्यावर उपचार आहेत. मेडिकलच्या मानसोपचार विभागात न्या. जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अ‍ॅपाने पैसे लुबाडले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे मिळायचे कमी.

हे दोन नंबर कॉपी करून आपापल्या ग्रुपवर टाका. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. आणि आपल्या वस्तीतलं कोणतं मैदान कोणी बळकावलं आहे, ते कमेंटमध्ये जागेच्या नावासह लिहा. जितकी येतील तितकी यादी करून अधिवेशनाच्या आधी मी स्वतः क्रीडा खात्याला निवेदन म्हणून देतो. पोचपावतीचा फोटो इथेच टाकतो.